अत्त दीप भव : दिवा की बेट?

(विहाराच्या वर्धापन दिनी रविवारच्या धम्म अभ्यास वर्गाच्या वतीने झालेले भाषण)



वर्धापन दिन म्हटला की विहाराचा इतिहास सांगितला जातो. पायाचा पहिला दगड कोणी आणला, पत्रे कोणी दिले, बुद्धमूर्ती कशी आली, हे आमच्या आधी बोललेल्या ज्येष्ठांनी सांगितलेच आहे. आम्ही आज फक्त एका भिंतीविषयी बोलणार आहोत. आत शिरताना डाव्या हाताला जी भिंत लागते, तिच्यावर दोन वचने रंगवलेली आहेत. वर 'अत्त दीप भव' आणि खाली 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा'. आपल्यापैकी कितीतरी जण या अक्षरांखाली लहानाचे मोठे झाले. रोज दिसणारी गोष्ट माणूस वाचत नाही, तसेच आमचेही झाले होते.

गेल्या वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालू असताना वर्गात एक गंमत म्हणून ठरले, की प्रत्येकाने 'अत्त दीप भव'चा आपल्याला समजलेला अर्थ चिठ्ठीवर लिहायचा. नाव लिहायचे नाही. ओंजळभर चिठ्ठ्या जमल्या आणि आम्ही त्या मोठ्याने वाचायला घेतल्या.

एका विद्यार्थ्याने लिहिले होते, "क्लास न लावता स्वतः अभ्यास करणे." त्याच्या वडिलांना हा अर्थ फारच आवडला, फी वाचली म्हणून! रिक्षा चालवणाऱ्या एका दादांनी लिहिले, "दुसऱ्याच्या हेडलाइटवर आपली गाडी चालत नाही." दवाखान्यात रात्रपाळी करणाऱ्या ताईंनी लिहिले, "आपण जागे असलो तर वॉर्डातले बाकीचे निर्धास्त झोपतात." एका काकांनी लिहिले, "आत्म्याचा दिवा पेटवणे." त्यावर लगेच दोघे उठले, "काका, बुद्धांनी आत्मा मानलाच नाही, मग दिवा कसला पेटवता?" एका तरुणाने लिहिले होते, "माझ्या निर्णयात घरच्यांनी पडू नये." सगळे हसले. वचन एक आणि अर्थ मात्र जितकी माणसे तितके!

मग एक चिठ्ठी निघाली. शाळकरी मुलीचे अक्षर होते. तिच्यात एवढेच होते : "कितीही अडचण आली तरी कोणाकडे मदत मागायची नाही."

वाचणारा पुढची चिठ्ठी उचलणार, तेवढ्यात मागे बसलेल्या एक ताई म्हणाल्या, "ती माझी आहे. मुलीकडून लिहून घेतली." त्यांच्या परवानगीनेच पुढचे सांगतो आहोत.

या ताईंचे पती २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. घरात दोन मुले, आणि ताई चार घरची धुणीभांडी करतात. त्या वर्षाच्या अखेरीस कोरोनाने गेलेल्यांच्या वारसांना ५० हजार रुपये देण्याची योजना सुरू झाली. अर्ज ऑनलाइन करायचा होता. मृत्यूचा दाखला, आधार, बँकेचा तपशील, मोबाइलवर येणारा ओटीपी, असे ते सगळे प्रकरण. ताई एका संध्याकाळी विहारात आल्या. कोणी अर्ज भरून देईल का, कार्यालयात बरोबर येईल का, एवढेच त्यांना विचारायचे होते. आम्ही काहीजण वंदना आटोपून निघायच्या घाईत होतो. त्यांचे पुरते बोलणे व्हायच्या आतच आमच्यातल्या एकाने मोठ्या आपुलकीने म्हटले, "ताई, खचू नका. अत्त दीप भव! आपणच आपला दिवा व्हायचं." बाकीच्यांनी माना डोलावल्या. ताईंनीही मान डोलावली आणि त्या घरी गेल्या. पुन्हा विचारायला आल्या नाहीत. त्यांना वाटले, विहारात येऊन मदत मागितली हीच आपली चूक झाली. अर्जाची मुदत टळून गेली. ते पैसे त्यांना मिळाले नाहीत.

चिठ्ठीवर तो अर्थ त्यांनी लिहिला खरा, पण त्यांना तो आम्हीच शिकवला होता.

त्या रविवारी पुढच्या चिठ्ठ्या वाचायचे कोणाच्या मनात आले नाही. एकच प्रश्न राहिला. तथागतांनी खरेच असे सांगितले होते का? की आम्ही आमची घाई त्यांच्या शब्दांत गुंडाळून ताईंच्या हातावर ठेवली?

बंधू-भगिनींनो, लहान वचनाची हीच मोठी अडचण असते. ते पाठ होते, भिंतीवर मावते, लग्नपत्रिकेवर छापता येते, गाडीच्या काचेवर चिकटवता येते. पण लहान व्हायचे म्हणजे त्याला पुष्कळ काही मागे टाकून यावे लागते. कोण बोलले, कोणाला बोलले, कोणत्या प्रसंगी बोलले, पुढचे वाक्य काय होते, हे सगळे गळून पडते. मग त्या रिकाम्या जागेत ज्याला जे हवे ते तो भरतो.

आपल्या म्हणींचेच पाहा. 'अंथरूण पाहून पाय पसरावे.' मुलगा हप्त्यावर महागडी मोटारसायकल घ्यायला निघाला आणि आई हे म्हणाली, तर ती काळजी झाली. पण गावातल्या मोठ्या वाड्यावाल्याने आपल्या आजोबांना हेच ऐकवले, मुलाला कॉलेजात घालताय म्हणून, तर त्याचा अर्थ काय? 'आहात तिथेच राहा.' शब्द तेच, पण एकदा ती माया होते आणि एकदा दावणीची दोरी. ऐकताना शब्दांबरोबर तोंडही पाहावे लागते, आणि त्या शब्दांनी कोणाचे भले होते तेही पाहावे लागते.

म्हणून आम्ही 'अत्त दीप भव' जिथून आले तिथे परत गेलो. दीघ निकायातल्या महापरिनिब्बान सुत्तात हा प्रसंग आहे. भगवंतांचे वय ऐंशी. वैशालीजवळच्या बेलुव नावाच्या छोट्या गावात त्यांचा शेवटचा वर्षावास चालू होता. तिथे त्यांना मोठे आजारपण आले, मरणप्राय वेदना झाल्या. त्यातून ते उठले तेव्हा आनंद म्हणाला, भगवान, आपण आजारी पडलात तेव्हा मला काही सुचेना. एवढाच धीर होता, की भिक्खुसंघाविषयी काही सांगितल्याशिवाय आपण जाणार नाही. त्यावर तथागत म्हणाले, आता संघाला माझ्याकडून आणखी काय हवे? मी आतले एक आणि बाहेरचे एक असे कधी शिकवले नाही. गुरू जशी एखादी गोष्ट मुठीत झाकून ठेवतो, तशी मूठ मी ठेवलेली नाही. आपल्याकडे म्हणतात झाकली मूठ सव्वा लाखाची. तथागतांनी ती कधीच उघडी केली होती! आता मी म्हातारा झालो, जुनी गाडी वाद्या बांधून कशीबशी चालवावी तसे हे शरीर चालले आहे, असेही ते म्हणाले. आणि मग ते वचन आले.

इथे पहिली गोष्ट लक्षात आली. ते बोलत आहेत एकट्या आनंदाशी, पण मूळ पालीतले क्रियापद अनेकवचनी आहे. 'तू' असे नाही, 'तुम्ही सर्वजण' असे आहे. भिंतीवरचे 'भव' हे आपण सोयीसाठी केलेले छोटे रूप आहे.

दुसरी गोष्ट, 'अत्त' म्हणजे इथे आत्मा नव्हे. मराठीत आपण 'स्वतः' म्हणतो तोच साधा अर्थ. काकांनी हे हसत मान्य केले.

तिसरी गोष्ट 'दीप' या शब्दाची, आणि इथे वर्गात दोन तट पडले. संस्कृतात दिव्याला दीप म्हणतात आणि बेटाला द्वीप. पालीत मात्र दोन्हींसाठी 'दीप' हा एकच शब्द आहे. सम्राट अशोकाच्या शिलालेखांत जंबुद्वीपाचा उल्लेख 'जंबुदीप' असा येतो. श्रीलंकेच्या जुन्या इतिहासग्रंथाचे नाव 'दीपवंस', म्हणजे दिव्यांचा वंश नव्हे तर बेटाचा वृत्तान्त. मग तथागतांनी दिवा व्हायला सांगितले की बेट? पाचव्या शतकात आचार्य बुद्धघोषांनी अट्ठकथेत महासागरातल्या बेटाचा दृष्टान्त दिला आहे. धम्मपदाच्या अप्पमादवग्गातही, शहाण्या माणसाने पुराने बुडणार नाही असा 'दीप' करावा असे सांगितले आहे. आता पुरात दिवा काय कामाचा? तिथे अर्थ बेटच. उलट चीनमध्ये झालेल्या जुन्या भाषांतरांत काही ठिकाणी बेट आहे, तर काही ठिकाणी पेटलेली ज्योत आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी भाषांतरातून दिवा जगभर गेला, आणि आपल्याकडेही तोच रुजला. म्हणजे हा वाद आपल्या वस्तीतला नाही, फार जुना आहे.

तरुण मंडळी म्हणू लागली, मग भिंतीवरचा दिवा पुसा आणि बेट काढा. ज्येष्ठ म्हणाले, इतकी वर्षे दिवा आहे, त्याला हात लावायचा नाही. आवाज चढले. तेव्हा आमच्यातल्या सगळ्यांत वयस्कर आजी बोलल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांची चिठ्ठी कोरीच होती.

आजी म्हणाल्या, "पोरांनो, सव्वीस जुलैचा पूर विसरलात व्हय रं?" २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तो दिवस. आपल्या वस्तीत कमरेच्या वर पाणी होते. "लाइट गेलेली. काडीपेटी भिजलेली. दिवा कुणाच्याच घरात न्हवता. विहाराचा ओटा तेवढा वर, कोरडा. समदी त्याच्यावरच चढलो. ह्याची सून, तिचं लेकरू, पलीकडच्या गल्लीतली मुसलमानाची म्हातारी, सगळी. बेट म्हंजी तेच की. पुरात बेटावर एकटं कोन बसतंय? जो पोचंल तो चढतो, आनि मागच्याला हात देतो."

बंधू-भगिनींनो, आम्ही इतकी पुस्तके उघडली, पण ताईंच्या चिठ्ठीचे उत्तर आजींच्या तोंडून आले. स्वतः बेट होणे म्हणजे पाय टेकायला आपल्यापाशी पक्की जागा असणे. ती जागा पक्की असली की दुसऱ्यालाही तिथे उभे करता येते.

एका मुलीने मात्र प्रामाणिक शंका काढली. ती म्हणाली, "पण त्याच वाक्यात 'दुसऱ्या कोणाला शरण जाऊ नका' असंही आहे. म्हणजे ताईंचा अर्थ बरोबरच नाही का?" शंका योग्य होती. म्हणून आम्ही पुढे वाचत गेलो. त्याच सुत्तात, त्याच प्रवासात, कुसिनाराच्या वाटेवर भगवंत थकले. ते आनंदाला म्हणाले, चीवर चार पदरी घडी करून अंथर, मला बसायचे आहे. मग म्हणाले, मला पाणी आणून दे, तहान लागली आहे. समोरच्या ओढ्यातून नुकत्याच पाचशे गाड्या गेलेल्या, पाणी गढूळ झालेले. आनंद म्हणाला, पुढे नदी आहे, तिथे पिऊ. पण त्यांनी पुन्हा मागितले. एकदा नाही, तीनदा मागितले.

ज्यांनी दुसऱ्याला शरण जाऊ नका असे सांगितले, त्यांनीच पाणी मागितले. म्हणजे शरण जाणे वेगळे आणि मदत घेणे वेगळे. आपली बुद्धी दुसऱ्याच्या पायावर ठेवायची, बुवा-बाबा सांगेल ते डोळे मिटून करायचे, ते शरण जाणे. अर्ज भरता येत नाही म्हणून शेजाऱ्याला बोलावणे हे शरण जाणे नव्हे. विनयपिटकात तर आणखी स्पष्ट प्रसंग आहे. एक भिक्खू हगवणीने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेला, कोणी विचारत नव्हते. तथागतांनी आणि आनंदाने त्याला स्वतः धुतले, उचलून खाटेवर ठेवले. मग भिक्खूंना एकत्र बोलावून सांगितले, इथे तुम्हाला आई नाही, बाप नाही. तुम्ही एकमेकांची सेवा नाही केली तर कोण करील? माझी सेवा करावी असे ज्याला वाटते, त्याने आजाऱ्याची करावी. हे सांगणारा शास्ता ताईंना 'कोणाकडे मदत मागू नका' असे सांगेल का?

वचनाचा पुढचा भागही आपण भिंतीवर आणलेला नाही. स्वतःबरोबर धम्मालाही दीप करा, धम्माला शरण जा, असे लगेच पुढे आहे. हे करायचे कसे, तेही तिथेच सांगितले आहे : काया, वेदना, चित्त आणि धम्म या चार ठिकाणी सावध राहून पाहत राहणे. म्हणजे 'मला वाटेल तेच खरे' असा त्याचा अर्थ होतच नाही. घरच्यांनी माझ्या निर्णयात पडू नये असे लिहिणाऱ्या भावाने हे ऐकले आणि तो म्हणाला, "मग माझं जरा चुकलंच." आम्ही म्हणालो, अर्धेच चुकले. निर्णय तुझाच, पण तो घेताना रागात आहेस की शुद्धीवर आहेस, एवढे पाहा म्हणजे झाले.

वचनांचा अर्थ लावताना असे घोटाळे होतील हे तथागतांना ठाऊक होते. अंगुत्तर निकायात ते सांगतात, की काही सुत्तांचा अर्थ सरळ, उघडाच असतो, त्यांना 'नीतत्थ' म्हणतात. काहींचा अर्थ विचार करून काढून घ्यावा लागतो, त्यांना 'नेय्यत्थ' म्हणतात. जो एकाला दुसऱ्यासारखे वागवतो, तो तथागतांवर आळ घेतो. मज्झिम निकायात सापाचा दृष्टान्त आहे. साप शेपटीला धरला तर उलटून चावतो. त्यात सापाचा दोष नाही, धरण्याचा आहे. दुबेळक्याच्या काठीने दाबून मान धरावी लागते. धम्म चुकीच्या बाजूने धरला की तोही असाच चावतो. आम्ही शेपटी धरली, आणि तो चावला मात्र ताईंना.

मग मान कुठे धरायची? आम्ही वर्गापुरते तीन प्रश्न ठरवले. पहिला, हे कोणाला, कोणत्या प्रसंगी सांगितले, आणि पुढचे वाक्य काय? दुसरा, काढलेला अर्थ त्याच शास्त्याच्या बाकीच्या शिकवणीशी जुळतो का? भोगनगरात तथागतांनी हीच कसोटी सांगितली : कोणी म्हणेल की हे बुद्धवचन आहे, तर लगेच मान डोलावू नका, धिक्कारूही नका, सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहा. तिसरा, त्या अर्थाने माणसाचे भले होते का? परमपूज्य बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बुद्धवचन ओळखण्यासाठी तर्काला पटणे आणि मानवाच्या कल्याणाशी संबंध असणे, या कसोट्या पुढे ठेवल्या आहेत.

याच कसोट्या आम्ही खालच्या वचनालाही लावून पाहिल्या. 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.' १९४२ च्या जुलैत नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीत जे भाषण केले, त्यात क्रम वेगळा आहे. शिक्षणानंतर 'ॲजिटेट' आणि शेवटी संघटना. यावरही वस्तीत वाद झालेले आम्हांला माहीत आहेत. कोणी म्हणते, आधी लढा म्हणजे संघटना आपोआप होते. कोणी म्हणते, आधी एकी, मग लढा. आमचे म्हणणे एवढेच, की दोन्ही क्रमांत 'शिका' पहिलेच आहे, त्यावर तरी वाद नको.

आणि संघर्ष म्हणजे काय? जयंतीच्या मिरवणुकीत धक्काबुक्की झाली आणि एक पोरगा आम्हांला म्हणाला, "बाबासाहेबांनीच सांगितलंय ना, संघर्ष करा!" त्याला आम्ही बाबासाहेबांचे आयुष्य दाखवले. त्यांनी १९२० साली 'मूकनायक' काढले, तो संघर्ष होता. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याले, तो संघर्ष होता. त्याच तळ्याचा खटला पुढे दहा वर्षे लढवून १९३७ साली मुंबई हायकोर्टात जिंकला, तोही संघर्षच होता. नागपूरच्या त्या भाषणातच त्यांनी सांगितले, की आपली लढाई संपत्तीसाठी किंवा सत्तेसाठी नाही, ती स्वातंत्र्यासाठी आहे, माणूस म्हणून उभे राहण्यासाठी आहे. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत त्यांनी बजावले, की सनदशीर मार्ग खुले असताना बाकीच्या मार्गांचे समर्थन होऊ शकत नाही. एवढे सगळे त्या दोन शब्दांत आहे. पोराला त्यातली धक्काबुक्की तेवढी दिसली, कारण त्या दिवशी त्याला तीच हवी होती. आम्हांला ताईंच्या वेळी घरी जायचे होते, म्हणून आम्हांला दिव्यात घरी जायचा रस्ता दिसला. दोघांत फरक फार नाही.

आता शेवटचे. यंदा वर्धापन दिनासाठी भिंत नव्याने रंगवली, ती आपण येताना पाहिलीच असेल. दिवा पुसलेला नाही. बेटही वेगळे काढलेले नाही. कारण दिव्याने वाट दिसते आणि बेटावर पाय टेकतो, माणसाला दोन्ही लागते. फक्त वचनाखाली बारीक अक्षरांत पुढचा भाग मराठीत लिहिला आहे, की धम्मालाही दीप करा. त्या भिंतीखाली आता एक टेबल आहे. दर रविवारी वंदनेनंतर तिथे वर्गातले दोघेजण बसतात. शिष्यवृत्ती, रेशन कार्ड, जातीचा दाखला, दवाखान्याचे कागद, जे असेल ते आणा. अर्ज भरून मिळतो, आणि गरज असेल तर कोणीतरी बरोबर येते. पहिल्या रविवारी आम्ही ताईंकडे गेलो. गेलेले पैसे परत आणता आले नाहीत, पण मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज वेळेत गेला. आता त्या टेबलावर दर महिन्यातून एक रविवार ताई स्वतः बसतात. कोणते कागद लागतात हे त्यांना आमच्यापेक्षा चांगले पाठ आहे.

आपणां सर्वांना एकच विनंती. यापुढे दुःखात असलेल्या माणसाला आपण 'अत्त दीप भव' जरूर म्हणावे, पण म्हणून झाल्यावर लगेच उठून जाऊ नये. जरा बसावे, आणि तो काय विचारायला आला होता ते पुरते ऐकून घ्यावे.